बुलेट जर्नल दर वेळी वीस दिवसांत बंद पडतं? आधी जुन्या वहीचं शेवटचं पान उघडा

बुलेट जर्नल म्हणजे ठिपके देऊन रोजची कामं आणि नोंदी हाताने लिहायची वही. तिची अडचण नेहमीची आहे. नवी वही घ्यायची, सुरुवातीच्या पानांवर इंडेक्स करायचा, महिन्याचं पान लिहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून ठिपके देऊन कामं मांडायची. पहिले पंधरा-वीस दिवस फार चांगले जातात. डोकं हलकं वाटतं, रखडलेली दोन-चार कामं खरंच मार्गी लागतात. मग एका रात्री वही उघडायची राहते. दुसऱ्या रात्रीही राहते. चौथ्या दिवशी वही समोर असते पण हात जात नाही, आणि महिन्याभराने ती रद्दीच्या गठ्ठ्यात सापडते.

माझं हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी टिकलं, त्याला आता चौदा महिने झाले. या काळात ऑफिसातल्या दोघीजणी, माझा भाचा आणि शेजारच्या काकू यांच्या बंद पडलेल्या वह्याही त्यांच्यासोबत बसून वाचल्या. कारण विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "माझ्यात सातत्य नाही गं." वह्या वाचल्यावर मला ते पटलं नाही. प्रत्येक वहीत बिघाड निराळ्या जागी होता आणि शेवटच्या दोन-तीन पानांवर तो सरळ दिसत होता. म्हणून नवी वही आणण्याआधी जुनी काढा. शेवटची तारीख कोणती, त्या दिवशी काय घडत होतं, पानावर किती ठिपके उघडे आहेत, कोणती ओळ परत परत आली आहे, एवढं बघा. दुरुस्ती काय करायची ते त्यावरून ठरतं.

पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

रायडर कॅरोल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने स्वतःच्या गरजेतून बसवलेली ही मांडणी २०१३ साली सगळ्यांसमोर ठेवली. काम असेल तर ठिपका, भेट किंवा प्रसंग असेल तर छोटं वर्तुळ, नुसती माहिती असेल तर आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली. पुढच्या यादीत नेलं की ठिपक्याचा उजवीकडे बाण करायचा, लांबच्या महिन्यात टाकलं की डावीकडे. करायचंच नसेल तर ओळीवर काट. पानांना क्रमांक, पुढे इंडेक्स, मग येणाऱ्या महिन्यांचं पान, मग चालू महिन्याचं, मग रोजच्या नोंदी. मूळ पद्धत एवढीच आहे. रंगीत पेनं, चिकटपट्ट्या, सवयींचे तक्ते, वेलबुट्टी हे नंतर लोकांनी हौसेने जोडलं.

मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. माझ्या वडिलांचं पुण्यात रविवार पेठेत किराणा मालाचं दुकान होतं आणि मी स्वतः नारायण पेठेत एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करते. अकरावीच्या पुस्तपालनात जर्नलला मराठी शब्दच मुळी रोजकीर्द असा शिकवतात. दिवसभरात जे जसं घडलं ते त्याच क्रमाने कीर्दीत, आणि मग ज्याचं त्याचं खातं वेगळं काढून खतावणीत. बुलेट जर्नलही असंच चालतं. रोजचं पान ही कीर्द, विषयवार पानं ही खतावणी. गंमत अशी की हिशेबाच्या वहीत मी कधी करणार नाही अशा चुका या वहीत बिनदिक्कत करत होते, आणि वह्या त्यामुळेच बंद पडत होत्या.

शेवटची तारीख काय सांगते

एका रविवारी चारही वह्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि शेवटच्या तारखा एका कागदावर उतरवल्या. १९ जुलै. २१ नोव्हेंबर. १८ फेब्रुवारी. २० एप्रिल. महिने वेगळे, वर्षं वेगळी, पण दिवस सगळे १८ ते २१ मधले. जीएसटीचं काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून लगेच उलगडा होईल. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन हे विक्रीचं विवरणपत्र, आणि २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं विवरणपत्र. वीस तारखेच्या आधीचे दोन दिवस आमच्याकडे कोणी वेळेवर घरी जात नाही. अशिलांची बिलं १८ तारखेला संध्याकाळी येतात आणि मग रात्री साडेनऊला कोथरूडला घरी पोचून भाजी-पोळी करायची. त्या दिवसांत वही उघडली जाणारच नव्हती.

माझी पद्धत या दोन-तीन दिवसांचा विचार न करता आखलेली होती. रोज रात्री वीस मिनिटं असा माझा नेम होता आणि दर महिन्याला तो ठरलेल्या दिवशी मोडत होता. आता १८ ते २० या तारखांना मी फक्त तारीख आणि एक ओळ लिहिते. "१९, शुक्रवार. दोन रिटर्न बाकी, घरी उशिरा." बस. नवी कामं त्या दिवसांत आलीच तर खाली ठिपका देऊन टाकते, पण मागचं काही बघत नाही. २१ ला सकाळी पुन्हा नेहमीसारखं.

तुमचा दिवस वेगळा असेल. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या दोन्ही वह्या मुलीच्या परीक्षेच्या आठवड्यात थांबल्या होत्या. शेजारच्या काकूंची वही गावाहून पाहुणे आले त्या दिवशी. एकदा तारीख सापडली की पुढच्या वेळी ती येणार हे आधीच माहीत असतं, आणि तेवढ्या दिवसांसाठी कमी लिहायचं ठरवून ठेवता येतं.

पण तारखेने निम्मंच उत्तर मिळालं. तीन दिवस न लिहिता गेले तर चौथ्या दिवशी परत यायला काय हरकत होती? ते का झालं नाही, हे पानावरच्या ओळींनी सांगितलं.

आईचा चष्मा

दुसऱ्या वहीचं शेवटचं पान, २१ नोव्हेंबर. पानावर सतरा ठिपके आहेत. त्यातले सहा त्या दिवशीचे. उरलेले अकरा आदल्या दिवशीच्या पानावरून उतरवलेले, आणि आदल्या दिवशीच्या पानावर त्याच्या आदल्या दिवशीचे. तिसरी ओळ आहे, "आईचा चष्मा". पानं मागे उलटत गेले. २० ला आईचा चष्मा. १९ ला आईचा चष्मा. १७ ला, १६ ला, १४ ला, ११ ला. सात वेळा मी ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि सहा वेळा पुढे बाण केला होता. अक्षर मात्र बदलत गेलं होतं. पहिल्या वेळी नीट, गोलाई देऊन लिहिलेलं. शेवटच्या वेळी "आ. चष्मा" एवढंच, घाईघाईत.

आई त्या काळात देवाची पोथी वाचायची थांबली होती, डोळ्यांवर ताण येतो म्हणायची. म्हणजे काम बिनमहत्त्वाचं नव्हतं. मग का होत नव्हतं? पान समोर ठेवून मी नीट आठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची तर फोन करावा लागणार होता. नंबर जुन्या चिठ्ठीवर होता. चिठ्ठी आईच्या औषधांच्या फाइलमध्ये होती, आणि फाइल तिच्याकडे रविवार पेठेत, लोखंडी कपाटात वरच्या खणात. मी रोज रात्री कोथरूडला बसून "आईचा चष्मा" लिहीत होते, तेव्हा त्या ओळीवर करण्यासारखं माझ्यापाशी काहीच नव्हतं. खरं काम होतं, "आईला फोन करून फाइलमधली पिवळी चिठ्ठी काढायला सांगणे". ते मी त्याच रविवारी केलं. चार मिनिटं लागली. चष्मा पुढच्या आठवड्यात झाला.

मला वाटतं, बहुतेक वह्या याच दुखण्याने बंद पडतात. न झालेली कामं रोज पुढे उतरवत गेलं की पाचव्या-सहाव्या दिवशी नवं पान सुरू होण्याआधीच भरलेलं असतं. त्यात आपण काय काय केलं नाही याचीच यादी असते. दिवसभर राबून आल्यावर असं पान कोणाला उघडावंसं वाटेल?

शिल्लक पुढे ओढायची, पण रोज नाही

दुरुस्ती अशी. रोजच्या पानावरचं काम त्या दिवशी झालं नाही तर ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवू नका. ठिपका आहे तिथेच उघडा राहू द्या. सकाळी कालचं आणि परवाचं पान नजरेखालून घातलं की उघडे ठिपके दिसतातच. ज्याला आज हात घालणार आहोत तेवढंच आजच्या पानावर घ्या.

आठवड्यातून एकदा मात्र सगळे उघडे ठिपके पकडायचे. माझ्यासाठी हे शनिवारी संध्याकाळी असतं, कुकर लावल्यापासून तो उतरेपर्यंत. मूळ पद्धतीत हे महिन्याच्या शेवटी करायला सांगितलं आहे. ज्यांची कामं कमी आणि मोठी आहेत त्यांना ते पुरत असेल, पण घर, नोकरी आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसं सांभाळणाऱ्या कोणालाही महिनाभर थांबणं जड जाईल असं माझं मत आहे.

प्रत्येक उघड्या ठिपक्यापाशी थांबून त्याचा निकाल लावायचा. करायचंच नाही असं वाटलं तर काट मारा, आणि मारताना वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा लिहायचा कंटाळा येतोय हीच खूण असते. हाताने परत लिहावं लागतं म्हणूनच ही छाननी होते, आणि कॅरोलने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. फोनमधल्या यादीत काम आपोआप पुढे जातं, त्यामुळे ते खरंच हवंय का हा प्रश्न कधी पडतच नाही. दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत असेल तर त्याचं नाव ओळीपुढे लिहा आणि त्या व्यक्तीला तेव्हाच सांगा, नाहीतर ते आपल्याच डोक्यात राहतं. आणि पुढे न्यायचं असेल तर ठिपक्याचा बाण करून नव्या आठवड्याच्या पहिल्या पानावर उतरवा.

इथे मी स्वतःसाठी एक नियम केला आहे आणि तो मी कधी मोडत नाही. एकच ओळ त्याच शब्दांत तिसऱ्यांदा लिहायची नाही. तिसऱ्या वेळी शब्द बदलायलाच हवेत, आणि बदललेल्या ओळीत क्रियापद हवं. "सासऱ्यांची पेन्शन" असं लिहिलं तर काही होत नाही. "हयातीचा दाखला: मंगळवारी ११ वाजता बँकेत जाणे, आधार आणि पासबुक सोबत" असं लिहिलं की होतं. "गच्चीची गळती" हे काम नाही, ती तक्रार आहे. "सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीचा फोटो पाठवणे" हे काम आहे. ओळीत क्रियापद बसत नसेल तर पहिलं पाऊल अजून सापडलेलं नाही असं समजा, आणि ते शोधणं हेच त्या आठवड्याचं काम म्हणून लिहा.

माझ्या शनिवारच्या छाननीत साधारण वीसेक ठिपके असतात. निम्मे तिथेच संपतात.

आखून ठेवलेली रिकामी पानं

भाच्याची वही बघितली तेव्हा शेवटच्या पानाचा प्रश्नच आला नाही. त्याची वही सुरूच झाली नव्हती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात आहे, हात फार छान आहे. महिन्याचं पान त्याने स्केचपेनने इतकं सुरेख काढलं होतं की मी बराच वेळ बघत राहिले. त्यापुढे बारा सवयींचा तक्ता, एकतीस चौकटी, पाणी किती प्यायलो, झोप किती झाली, व्यायाम, वाचन, फोन किती वेळ. पहिल्या सहा दिवसांच्या चौकटी भरलेल्या. सातव्या दिवशी तीन चौकटी. पुढे काही नाही. दुसऱ्या महिन्याचं पान अर्धवट रंगवलेलं.

पुढची पानं आधी आखली की जो दिवस लिहायचा राहतो तो रिकाम्या चौकटीसारखा कायम डोळ्यांसमोर राहतो. म्हणून आगाऊ काहीही आखू नका. तारीख त्या दिवशी लिहायची, आदल्या रात्रीही नाही. एखाद्या दिवशी चार ओळी होतील, एखाद्या दिवशी पानभर, आणि लगेच खाली रेघ मारून दुसरा दिवस. सवयी टिपायच्याच असतील तर एक, फार तर दोन. त्याला मी चित्रांसाठी वेगळी वही घ्यायला सांगितली. ती त्याने घेतली आणि दोन्ही चालू आहेत.

सुचतं तेव्हा वही जवळ नसते

पुण्यात हा प्रश्न दुचाकीमुळे येतो. गाडी चालवताना, नळस्टॉपच्या सिग्नलला थांबलेलं असताना आठवतं की गॅस बुक करायचा राहिला, आणि घरी पोचेपर्यंत विसरतं. संध्याकाळी वही उघडल्यावर नेमक्या त्याच गोष्टी तिच्यात नसतात, आणि मग वहीवरचा भरवसा कमी होतो. भरवसा गेला की माणूस पुन्हा सगळं डोक्यात धरायला लागतो.

यावर मी दोन गोष्टी केल्या. मोठी वही सोडून पर्समध्ये मावेल अशी घेतली. आणि फोनवर स्वतःलाच एक संदेश टाकायचा, गाडी स्टँडला लावल्यावर, हेल्मेट काढायच्या आधी. हेल्मेट काढलं की पुढचं सगळं अंगावर येतं, म्हणून आधीच. रात्री ते संदेश वहीत उतरवून फोनमधून पुसून टाकते. फोनमध्ये साठवत राहिलं तर दोन याद्या होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

हल्ली बहुतेक दिवस मी आयडियल कॉलनीपासून डेक्कनपर्यंत मेट्रोने जाते, तर सकाळचं पान तिथेच होतं. मधे नळस्टॉप आणि गरवारे कॉलेज ही दोनच स्टेशनं लागतात, तेवढ्यात आजच्या पाच-सहा ओळी लिहून होतात. बसायला जागा मिळाली तर अक्षरही बरं येतं.

काय वहीत, काय फोनमध्ये, काय कालनिर्णयवर

वही आपल्याला हाक मारत नाही. ज्याची वेळेवर आठवण व्हायला हवी ते फोनमध्येच हवं. साडेचारची डॉक्टरांची वेळ, रात्रीची गोळी, गाडीच्या विम्याची तारीख, या सगळ्यांचे गजर. वहीत त्याचं वर्तुळ असेल, पण वहीच्या भरवशावर राहू नका.

आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जे लिहिलं जातं ते तिथेच राहू द्या. दुधाचे खाडे, मावशींचे खाडे, सिलिंडर कधी लावला, ही नोंद घरातल्या सगळ्यांना दिसायला हवी आणि कोणीही करू शकायला हवी. १९७३ पासून ते कॅलेंडर घराघरांत हे काम करतंय. सुरुवातीला मी खाडेही माझ्या वहीत आणले होते. महिनाअखेरीला दूधवाल्याशी हिशेब करताना नवरा माझी वही शोधत बसला आणि मी ऑफिसात होते. दुसऱ्या दिवशी ते परत भिंतीवर गेले.

पासवर्ड, पिन, बँकेचे नंबर वहीत लिहू नका. वही बसमध्ये राहू शकते.

लांबच्या तारखा लिहूनही हुकतात

येणाऱ्या महिन्यांचं पान सगळे हौसेने करतात आणि नंतर उघडत नाहीत. माझ्या तिसऱ्या वहीत मे महिन्याखाली "मिळकतकर, सवलतीत" असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. पुणे महापालिकेची ती सवलतीची मुदत साधारण मे अखेरीची असते. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते पान पाहिलं. नोंद बरोबर होती, पण ती बघायची वेळ मी कुठेच ठरवलेली नव्हती.

आता महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, आठवड्याची छाननी झाली की, हे पान उघडते. पुढच्या महिन्याखाली जे आहे ते चालू महिन्याच्या पानावर घेते आणि मूळ ओळीला बाण करते. बाण नसलेली जुनी ओळ दिसली तर तिथेच लक्षात येतं. माझ्या पानावर काय काय असतं ते सांगते, म्हणजे तुमचं काढायला सोपं जाईल. मेमध्ये मिळकतकर. जुलैत आयकर विवरणपत्र, त्याची नेहमीची मुदत ३१ जुलै, पण घरच्यांची विवरणपत्रं मी जूनमध्येच उरकते कारण जुलैत मला श्वास घ्यायला फुरसत नसते. गणपतीच्या तीन आठवडे आधी मूर्तीची नोंदणी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. गाड्यांचे पीयूसी आणि विमे ज्या त्या महिन्यात. आणि पावसाळ्याच्या आधी, मेच्या मध्यावर, खिडक्यांच्या पन्हाळी आणि गच्ची साफ करून घेणे.

खंड पडलाच तर

पडतोच. गणपतीत दहा दिवस माझ्याकडून नीट लिहिलं जात नाही. ऑफिस पेठेत, संध्याकाळी रस्ते बंद, घरी पाहुणे, आरती, प्रसाद. ते दिवस लिहिण्याचे नाहीतच.

खंड पडल्यावर लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही घातक आहेत. एक म्हणजे मागचे दिवस आठवून भरत बसणं. दुसरी म्हणजे ही वही बिघडली असं म्हणून नवी सुरू करणं. माझ्या शेजारच्या काकूंकडे अशा सहा वह्या निघाल्या, प्रत्येकीत दहा-बारा पानं लिहिलेली.

वडिलांच्या कीर्दीत कधी कोरी जागा सुटलेली मी पाहिली नाही आणि पान फाडलेलंही नाही. आजी गेली तेव्हा दुकान तेरा दिवस बंद होतं. त्या वर्षीची वही अजून आमच्याकडे आहे, लाल कापडी बांधणीची. त्यात बंद व्हायच्या दिवशीची शिल्लक, त्याखाली एका ओळीत "दुकान बंद" आणि दोन तारखा, आणि त्याच्या लगेच खाली पुढच्या दिवसाचं जमा-नावे सुरू. तेरा दिवसांसाठी एक ओळ. त्यांनी नवी वही काढली नाही.

मी तेच करते. "७ ते १६, गणपती. नोंद नाही." खाली रेघ, आणि आजची तारीख. त्या दिवसांतलं काही राहिलेलं असेल तर ते डोक्यात असतंच, ते आजच्या पानावर ठिपका देऊन येतं. जे आठवत नाही ते बहुतेक वेळा लागणारही नसतं.

लिहिलेलं सापडत नाही

रोजची पानं वाढली की फ्रिजवाल्याचा नंबर, डॉक्टरांनी सांगितलेली पथ्यं, सुताराने दिलेला अंदाज, हे सगळं कुठेतरी असतं आणि सापडत नाही. इथे खतावणी कामी येते. सगळ्या विषयांना पहिल्या दिवसापासून वेगळी पानं देऊ नका, त्यातली निम्मी कोरी राहतात. एखादी गोष्ट रोजच्या पानांवर तिसऱ्यांदा आली की पुढच्या रिकाम्या पानावर तिचं खातं उघडा आणि इंडेक्समध्ये पान क्रमांक टाका. माझ्याकडे आत्ता चालू असलेली खाती चारच आहेत: आईची औषधं आणि तपासण्या, गाडी, घराची दुरुस्ती, आणि दिवाळीची खरेदी.

पान संपलं तर दुसरीकडे जिथे जागा असेल तिथे पुढे लिहायचं आणि दोन्ही पानांच्या क्रमांकाशेजारी एकमेकांचे क्रमांक टाकायचे. हिशेबात खा.पा. म्हणजे खाते पानाचा रकाना असतो, त्याचाच हा उपयोग. इंडेक्समध्ये रोजच्या पानांची नोंद करायची गरज नाही, महिना सुरू होतो ते पान पुरे.

वही आणि पेन

यात फार वेळ घालवू नये असं मला वाटतं, पण विचारणारे पुष्कळ भेटतात. ठिपक्यांची आयात वही लागत नाही. अप्पा बळवंत चौकात शाळकरी मुलांची चौकटीची वही मिळते, ती उत्तम चालते. एकरेघीही चालते. महागड्या वहीचा एक तोटा मी अनुभवला आहे: ती खराब होईल या धास्तीने घाईत काही लिहिलं जात नाही, आणि या वहीचं निम्मं काम घाईतलंच असतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, जेल पेनची शाई पसरते आणि मागच्या बाजूला उमटते, तेव्हा साधं बॉलपेन बरं.

वही भरल्यावर

साधारण पाच-सहा महिन्यांत माझी वही भरते. नव्या वहीत जाताना सगळं उतरवायचा मोह होतो, तो टाळा. मी जुन्या वहीवर शेवटची छाननी करते, जे ठिपके अजून उघडे आहेत आणि खरंच हवे आहेत तेवढेच नव्या वहीच्या पहिल्या पानावर "मागील वहीवरून" असं लिहून आणते. गेल्या वेळी ते नऊ होते. चालू खात्यांमधली फक्त आजची स्थिती एक-दोन ओळींत घेते. आईच्या खात्यात सध्याच्या गोळ्या, शेवटच्या तपासणीची तारीख, पुढची तारीख. चष्म्याचा नंबर आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन मात्र दर वेळी पूर्ण उतरवते. मग जुन्या वहीच्या पाठीवर पट्टी चिकटवून महिने लिहायचे आणि ती त्या चार अर्धवट वह्यांच्या शेजारी ठेवायची.